देणाऱ्याने खोकेही परत न्यावे

१ जुलै २०२२पासून मिठाईच्या खोक्याभोवती प्लास्टिकचे पातळ वेष्टन गुंडाळायला देशभर बंदी आहे. एकदाच वापरून फेकायच्या ज्या प्लास्टिकच्या वस्तू केंद्र सरकारने त्या दिवसापासून बंद केल्या, त्यांत फुग्याच्या आणि आइस्क्रीमच्या काड्या, सजावटीचे थर्माकोल, चमचे-पेले यांच्यासोबत मिठाईचे खोके, निमंत्रणपत्रिका आणि सिगारेटची पाकिटे यांवरचे वेष्टनही आहे. म्हणजे सोलापुरात नवी पेठेतल्या एखाद्या मिठाईवाल्याने पेढ्यांच्या खोक्यावर ते चढवले, तर महापालिकेचे पथक त्याला दंड करू शकते. शेजारच्या दुकानात मात्र दिवाळीआधी छतापर्यंत रचलेले साबण, लोशन, परफ्यूम, शीट मास्क यांचे गिफ्ट हॅम्पर त्याच पारदर्शक वेष्टनात कंपनीतून येतात आणि त्यांना कोणी हटकत नाही. केंद्राच्या यादीत सौंदर्यप्रसाधनांच्या खोक्याचे नाव नाही. राज्याच्या मार्च २०१८च्या अधिसूचनेतही उत्पादनाच्या जागीच चढवलेल्या वेष्टनाला सूट आहे. सणाच्या प्रदूषणावर दरवर्षी आपण बोलतो ते फटाक्यांबद्दल. ते बोललेच पाहिजे. पण फटाक्याचा धूर डोळ्यांत जातो म्हणून दिसतो. हॅम्परचा कचरा भाऊबीज उलटल्यावर हळूहळू घराबाहेर पडतो आणि त्याची कुठे चर्चाही होत नाही.

असे एखादे खोके उघडून त्याचे भाग वेगळे करून पाहावेत. वेष्टनाखाली जाड पुठ्ठ्याचा डबा, त्यावर सोनेरी छपाई आणि तिच्यावर प्लास्टिकची झिल्ली; झाकणात लोहचुंबक. आत फोमचा साचा, त्यावर साटिनसारखे दिसणारे पॉलिएस्टरचे कापड, रिबन, रंगीत कागदाच्या कातरणांची गादी. आणि या सगळ्याच्या मधोमध पन्नास मिलिलिटर लोशन, तीस ग्रॅम क्रीम, बोटाएवढी अत्तराची बाटली आणि दोन साबण. क्रीमची डबी हातात जड लागते, कारण अशा पुष्कळ डब्या दुहेरी भिंतीच्या असतात: बाहेर जाड ॲक्रिलिक, आत लहानशी वाटी, मध्ये पोकळी. लोशनच्या पंपात दोन-तीन प्रकारचे प्लास्टिक आणि बहुधा एक धातूची स्प्रिंग असते. शीट मास्क चेहऱ्यावर वीस मिनिटे राहतो. त्यासाठी एक कापडी तुकडा आणि तो ओला ठेवायला प्लास्टिक व ॲल्युमिनियमचे थर एकमेकांना चिकटवून केलेली पुडी. अंगाला लागणारा माल आणि तो आणणारा पसारा यांचे वजन कोणी घरच्या तराजूवर करून पाहिले, तर पारडे कुठे झुकते ते कळेल.

आता हा पसारा घराबाहेर पडल्यावर काय होते ते पाहू. आपल्याकडे कचऱ्याचे काय होणार हे भंगाराचा भाव ठरवतो. रद्दी, साधा पुठ्ठा, पाण्याची बाटली, तेलाचा कॅन, पत्रा यांना भाव आहे, म्हणून ते घरातूनच विकले जातात, आणि कचऱ्यात गेलेच तर वेचणाऱ्या बायका ते उचलतात. दुधाची रिकामी पिशवीसुद्धा धुऊन साठवली तर विकली जाते, कारण ती एकाच जातीच्या प्लास्टिकची असते. या बायकांना हाताच्या स्पर्शावरून आणि चुरगाळल्यावर होणाऱ्या आवाजावरून कुठले प्लास्टिक कुठल्या भावाचे ते कळते. झिल्ली चढवलेल्या पुठ्ठ्याला साध्या पुठ्ठ्याचा भाव नाही, कारण लगदा करताना झिल्ली सुटत नाही. पंप सोडवून त्याची स्प्रिंग वेगळी करायला जो वेळ जातो त्याची मजुरी सुटत नाही. थर चिकटवलेली पुडी आणि ट्यूब तर कोणीच घेत नाही, कारण तिच्यातले ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक वेगळे करणे कुणाला परवडत नाही. म्हणजे दुकानात सर्वांत महाग असलेली वस्तू भंगाराच्या काट्यावर सर्वांत निकामी ठरते.

मग ती घंटागाडीतून तुळजापूर रस्त्यावरच्या कचरा डेपोकडे जाते. ओल्या कचऱ्यापासून वायू आणि वीज करण्याचा प्रकल्प या शहरात उभा राहिला, पण कुजणाऱ्या मालासाठी बांधलेल्या यंत्रणेत फोम, रिबन आणि ॲक्रिलिकच्या डब्यांना जागा नाही. ते साचत राहतात. सोलापूरचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांच्या आसपास जातो आणि डेपोला आगी लागणे हे त्या रस्त्यावर राहणाऱ्यांना नवीन नाही. त्या ढिगात डिओडरंटचे दाबाखाली भरलेले डबे असतील तर ते तापून फुटतात. हा धूर ज्या वस्तीवर उतरतो तिथे हॅम्पर पोचलेलेसुद्धा नसतात. मला या प्रश्नातला सर्वांत मोठा अन्याय हा वाटतो.

कुणी म्हणेल, मग वर्षभर घराघरांत येणाऱ्या शांपूच्या पुड्यांचे काय, बिस्किटांच्या पाकिटांचे काय? त्यांचे वजन हॅम्परपेक्षा कितीतरी जास्त भरेल. खरे आहे. पण स्वतःसाठी विकत घेतलेल्या वस्तूत आणि भेट आलेल्या वस्तूत फरक आहे. स्वतःच्या पैशाने आणलेली क्रीमची ट्यूब बाई शेवटी कात्रीने कापून आतले पुसून घेते. भेट देणाऱ्याला घेणारीची त्वचा कोरडी की तेलकट, तिला कुठला वास सोसतो, कुठला रंग तिच्या ओठांना शोभतो यातले काही माहीत नसते. म्हणून वस्तू कपाटात जाते. तिथून ती पुढच्या कुणाच्या तरी वाढदिवसाला जाते, आणि फिरत फिरत तिच्यावरची तारीख उलटते. उघडलेल्या डबीचेही आयुष्य मोजके असते. डबीच्या चित्राशेजारी बारा किंवा सहा महिन्यांचा आकडा त्यासाठीच छापलेला असतो. शिवाय भेट म्हणजे देण्याच्या क्षणी डोळ्यांत भरायची वस्तू. चुंबक, साटिन, दुहेरी भिंत हे सगळे त्या एका क्षणासाठी आहे. वापरणारीला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

पाण्याची बाजू सोलापूरकराला वेगळी समजावून सांगावी लागत नाही. कित्येक दिवसांनी एकदा नळाला पाणी येणे इथल्या पिढ्यांनी अंगवळणी पाडून घेतले आहे. ते पाणी शंभरेक किलोमीटरवरच्या उजनीतून येते. ११७ टीएमसीच्या या धरणात भीमेचे पाणी येते, आणि भीमेला त्याआधी मुळा-मुठा मिळालेली असते. म्हणजे पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या न्हाणीघरांतून वाहून गेलेले, काही शुद्ध केलेले आणि काही तसेच सोडलेले पाणी उजनीत मुरते. उजनी हिरवी पडते, जलपर्णी माजते याला मैलापाणी, शेतातली खते, कारखाने अशी मोठी कारणे आहेत. सगळा दोष लोशनच्या बाटलीवर टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण प्रसाधनांतून पाण्यात जाणारे काही पदार्थ असे आहेत की ते एकदा गेले की काढता येत नाहीत. चमकी म्हणजे बहुतेक वेळा प्लास्टिकच्या पातळ पत्र्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा देऊन कातरलेले कण. अमेरिकेने धुऊन जाणाऱ्या प्रसाधनांतल्या प्लास्टिकच्या सूक्ष्म मण्यांविरुद्ध २०१५ साली कायदा केला. केस आणि त्वचा रेशमासारखी लागावी म्हणून घातल्या जाणाऱ्या दोन सिलिकॉनांवर, डी४ आणि डी५ यांवर, युरोपात धुऊन जाणाऱ्या प्रसाधनांसाठी २०२०च्या जानेवारीअखेरपासून ०.१ टक्क्याची मर्यादा आहे, कारण ती पर्यावरणात टिकून राहतात. २०२३मध्ये युरोपीय संघाने मुद्दाम मिसळलेल्या सूक्ष्म प्लास्टिकवरच निर्बंध आणले. त्यातही धुऊन जाणाऱ्या प्रसाधनांना २०२७पर्यंत आणि ओठ-नखांच्या रंगांना २०३५पर्यंत मुदत दिली. श्रीमंत देशांना, चांगल्या मैलाशुद्धीकरण केंद्रांसह, इतकी वर्षे लागत असतील तर आपण काय समजायचे? ही केंद्रे असे कण पकडण्यासाठी बांधलेली नसतात. जे पकडले जातात ते गाळात बसतात, आणि गाळ खत म्हणून शेतात गेला तर कणही शेतात जातात.

आणि आपण फक्त घेणारे नाही. आपले वापरलेले पाणी सीनेकडे जाते, सीना हत्तरसंग कुडलला भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात उतरते. पुण्याने आपल्याकडे जे पाठवले त्याबद्दल तक्रार करायचा सोलापूरला पूर्ण हक्क आहे. तोच हक्क भीमाकाठच्या खालच्या गावांना आपल्याविरुद्ध आहे.

लांबचे हिशेब इथे थोडक्यात सांगतो. गालावरची चमक प्लास्टिकची नसेल तर बहुधा अभ्रकाची असते, आणि भारतातले अभ्रक मुख्यतः झारखंड-बिहारच्या कोडरमा, गिरिडीह, नवादा या पट्ट्यातून येते. तिथल्या बेकायदा खाणींत मुले काम करतात हे इतके उघड झाले की या धंद्यातल्या कंपन्यांना २०१७ साली जबाबदार अभ्रकासाठी वेगळी संस्था काढावी लागली. साबणाचा मोठा भाग पाम तेलाचा असतो. भारत हा जगातला सर्वांत मोठा पाम तेल आयात करणारा देश आहे, आणि इंडोनेशिया-मलेशियातली जंगले त्या बागांसाठी कापली गेली.

या सगळ्यावर एक आक्षेप मला गंभीरपणे घ्यावासा वाटतो. सोलापुरात हजारो बायका विड्या वळतात. हजार विड्यांमागे मजुरी ठरते. पाठ आणि बोटे झिजवून घर चालवणाऱ्या त्या बाईला कुणी दिवाळीला एखादी लिपस्टिक, एखादी सुगंधी बाटली दिली, तर तिच्या आनंदावर पर्यावरणाचा शिक्का मारणारे आपण कोण? हा प्रश्न बरोबर आहे. बायकांच्या नटण्याला उधळपट्टी म्हणायची सवय आपल्या समाजाला जुनी आहे, आणि पर्यावरणाच्या नावाने ती पुन्हा आत यायला नको. तिच्या हातातली लिपस्टिक काढून घेणारा विचार मला मान्य नाही. शिवाय ती लिपस्टिक ती संपवेपर्यंत वापरेल. माझे म्हणणे तिच्याशी नाहीच.

माझे म्हणणे घाऊक देणाऱ्यांशी आहे. पतसंस्था सभासदांना दिवाळीची भेट देते. बँका मोठ्या ठेवीदारांना, बिल्डर ग्राहकांना, औषध कंपन्या डॉक्टरांना, कारखाने अधिकाऱ्यांना देतात. एका फोनवर शेकड्यांनी ऑर्डर जाते, आणि ती देणारा माणूस खोके कसे दिसते एवढेच पाहतो, कारण वापरायचे त्याला नसते आणि टाकायचेही त्याला नसते. मग संक्रांत येते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाचे कार्यक्रम असतात. घरच्या हळदीकुंकवात वाण म्हणून कंगवा, वाटी, साबण असे काहीतरी दिले जाते आणि वीस-पंचवीस बायकांत ते संपते. पण प्रभागाच्या मैदानावर मंडप घालून, भोंगा लावून, भावी नगरसेवकाच्या पत्नीच्या हस्ते जे वाण वाटले जाते ते वेगळे. तिथे पिशवीवर नेत्याचा फोटो असतो आणि आत पावडर, टिकल्यांचे पाकीट, शांपूच्या पुड्यांची माळ, एखादी नेलपॉलिश. बायकांना ते हवे होते का, हे कुणी विचारलेले नसते. त्यांना रांगेत उभे राहून घ्यावे लागते. बायकांची आवड म्हणून जी गोष्ट सांगितली जाते ती इथे प्रत्यक्षात पुरुषांनी ठरवलेली खरेदी असते. कचऱ्याचा दोष मात्र बाईच्या दारात येतो, कारण टाकते ती.

याच आठवड्यांत सोलापुरात गड्ड्याची यात्रा असते. नंदीध्वज निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, त्याला आपण यण्णीमज्जन म्हणतो. ज्या सिद्धरामेश्वरांनी बाराव्या शतकात या गावाला तलाव दिला असे आपण मानतो, त्यांच्या उत्सवाची सुरुवात तेलाने न्हाऊ घालण्याने होते. सणाला अंगाला तेल लागावे, सुवास दरवळावा ही इच्छा या गावात इतकी खोल आहे. तिला विरोध करायचे काही कारण नाही. ती जपताना तलावाची आठवण ठेवावी एवढेच.

पर्याय म्हणून लगेच उटण्याचे नाव निघते. नागरमोथा, आंबेहळद, कपूरकाचरी, वाळा, गुलाबपाकळी, संत्र्याची साल, मसूरपीठ यांचे ताजे कुटलेले उटणे कागदी पुडीत मिळाले तर त्याच्यासारखी भेट नाही, आणि बचत गटाच्या बायकांकडून घेतले तर पैसाही गावात राहतो. पण ‘नैसर्गिक’ लिहिले की सगळे माफ, असे नाही. बाजारात मिळणारे पुष्कळसे उटणे चकचकीत प्लास्टिकच्या पुडीत असते आणि त्यात कृत्रिम रंग-सुगंध असतात. खऱ्या चंदनाचा हट्ट धरला तर तोही जंगलावरच जातो. भारतीय चंदन धोक्यात असलेल्या झाडांच्या यादीत आहे.

माझा आग्रह दुसऱ्या वस्तूसाठी आहे, आणि ती सांगायला सोलापूरकराला संकोच वाटू नये: टॉवेल. सोलापुरी चादर आणि सोलापूरचा टेरी टॉवेल या दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे. पद्मशाली विणकरांनी या गावात जे कसब आणून रुजवले, ते आज मागांच्या घटत्या आवाजासोबत विरत चालले आहे, आणि याच गावातल्या संस्था दिवाळीला लांबून आलेले फोमचे साचे वाटतात. टॉवेलही निर्दोष नाही. कापसाला पाणी लागते, रंगणीच्या कारखान्यांतून रंगीत पाणी बाहेर पडते, आणि ते शुद्ध न करता सोडले तर तलाव-ओढ्यांना तेच भोगावे लागते. म्हणून संस्थेने टॉवेल घेताना फिक्या रंगाचा, सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या कारखान्यातला मागावा. ‘सोलापुरी’ म्हणून बाहेरून येणारा माल घेऊ नये. पण टॉवेल वर्षानुवर्षे अंग पुसतो, विरल्यावर फरशी पुसतो, आणि ज्याला दिला त्याची त्वचा कोरडी की तेलकट हे विचारावे लागत नाही. टॉवेल, उटणे आणि शेंगाचटणीची एक पुडी: पतसंस्थेच्या सभासदाला याहून आपली वाटणारी भेट कोणती असेल?

कायदा आपले काम करेल म्हणून थांबण्यात अर्थ नाही, कारण कायद्यानेच वाट सैल केली आहे. २०१६च्या प्लास्टिक कचरा नियमांत पुनर्वापर न होणारे अनेक थरांचे प्लास्टिक दोन वर्षांत बंद करायचे होते. २०१८च्या दुरुस्तीत त्याला शब्द जोडले गेले: ज्यातून ऊर्जा मिळवता येत नाही किंवा ज्याचा दुसरा काही उपयोग नाही, असे. जाळून उष्णता तर कुठल्याही प्लास्टिकची मिळते. म्हणजे पुडी वाचली. उत्पादकांवर कचरा परत घेण्याची जबाबदारी आहे, पण ती देशभराच्या आकड्यांवर आणि प्रमाणपत्रांवर पुरी होते. कंपनीने दुसऱ्या राज्यात तितके टन गोळा झाल्याचा कागद दाखवला की तुळजापूर रस्त्यावरचा ढीग तिच्या हिशेबात राहत नाही.

म्हणून महापालिकेने स्वतःच्या हातात आहे ते करावे. मैदान, मंडप, ध्वनिक्षेपक यांची परवानगी पालिका आणि पोलिसांकडूनच घ्यावी लागते. सार्वजनिक हळदीकुंकवाच्या परवानगीत एक अट घालावी: पुड्या आणि थर चिकटवलेली वेष्टने वाटायची नाहीत, आणि जे खोके वाटले ते ठरलेल्या तारखेला आयोजकाने त्याच मैदानावर परत गोळा करायचे. त्यासाठी अनामत घ्यावी. खोके परत आले नाहीत तर ती प्रभागातल्या कचरावेचक बायकांच्या मजुरीसाठी वापरावी. पाचशेपेक्षा जास्त भेटी वाटणाऱ्या प्रत्येक संस्थेला, मग ती बँक असो की रुग्णालय, हीच अट लागू करावी. ज्याला वाटायचे आहे तो वाटेल. फक्त त्या खोक्याचा शेवट त्याच्या खर्चात धरला जाईल, आणि तसे झाले की चुंबक आणि साटिन आपोआप महाग वाटू लागतील.

पालिकेच्या आधीही एक जागा आहे. सहकारी संस्थांच्या वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होतात, आणि दिवाळीच्या ऑर्डरी साधारण त्याच सुमारास ठरतात. सोलापुरात पतसंस्था, साखर कारखाना, सूतगिरणी, गृहनिर्माण संस्था यांपैकी कशाचा तरी सभासद नसलेले घर शोधावे लागेल. अहवालात भेटवस्तूंचा खर्च असतो. त्या ओळीवर बोट ठेवून उभे राहावे आणि अध्यक्षांना विचारावे की यंदाच्या खोक्यात काय आहे, ते कुठल्या गावी बनले आणि रिकामे झाल्यावर परत न्यायला कोण येणार. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे.